क कमळाचा पाठ आहे, पण कपाट कशाने सुरू होतं? पहिल्या आवाजाचे घरच्या घरी खेळ

इंदूरमधल्या कुठल्याही मराठी घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल ना, तर त्याच्या डोक्यात एकाच वेळी तीन तक्ते असतात. घरी आजी म्हणते क कमळाचा, शाळेत हिंदीच्या तासाला क से कबूतर, आणि इंग्लिशच्या मॅडमकडे के फॉर काइट. मूल तिन्ही धडाधड म्हणून दाखवतं, आपण खूश होतो, पाहुणे आले की परत म्हणायला लावतो. पण त्याच मुलाला भाजी निवडता निवडता सहज विचारून बघा, "कपाट कशाने सुरू होतं रे?" बरीच मुलं नुसती बघत बसतात, किंवा अगदी मनापासून सांगतात की कपाट दाराने सुरू होतं.

उत्तर त्यांच्या परीने बरोबरच आहे. लहान मुलासाठी कपाट ही वस्तू आहे, तिला दार आहे, खण आहेत, कपडे आहेत. "कपाट" हा आवाज आहे आणि त्या आवाजाला सुरुवात आणि शेवट असतो, हे त्याला अजून कोणी ऐकवलेलंच नाही. तक्ता चालीवर पाठ होतो, त्यात क आणि कमळ एकमेकांना चिकटून येतात आणि मुलाला वाटतं क म्हणजे कमळाचं आडनाव. म्हणून माझं सगळ्या आई-बाबांना आणि खास करून आजी-आजोबांना कळकळीचं सांगणं आहे की अक्षर गिरवून घ्यायच्या आधी, किंवा निदान त्याच्या जोडीने, कान तयार करा. याला वही लागत नाही, फ्लॅशकार्ड लागत नाहीत, रोज पाच-सात मिनिटं आणि बोलणारं माणूस लागतं, बस.

हे नुसतं माझं मत नाही. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चारशेच्या वर लहान मुलांवर केलेला अभ्यास १९८३ साली नेचर या विज्ञानाच्या मासिकात छापून आला होता. शाळेत वाचायला शिकायच्या आधी ज्या मुलांना शब्दांमधले सारखे आवाज ओळखता येत होते ती पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये चांगली निघाली. त्यातल्या पासष्ट मुलांचे गट करून काहींना दोन वर्षं चित्रांवरून आवाजाच्या जोड्या लावायला शिकवलं, काहींना आवाजाबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही दिली, आणि काहींना तीच चित्रं नुसती अर्थावरून वेगळी करायला दिली, म्हणजे प्राणी एकीकडे वगैरे. सगळ्यात पुढे गेली ती आवाज आणि अक्षर दोन्ही मिळालेली मुलं. म्हणून अक्षराशी आपलं काही वाकडं नाही, फक्त आवाज ओळखीचा झाला की मग त्याला अक्षर दाखवायचं, उलटं नाही.

आता आपल्या भाषेची एक खास गोष्ट, जी इंग्लिश फोनिक्सच्या (म्हणजे आवाजावरून वाचायला शिकवायच्या) व्हिडिओत कोणी सांगत नाही. देवनागरीत आपण सुटा आवाज लिहीतच नाही, "का" हे एक अक्षर, "कि" हे दुसरं. त्यामुळे "किल्ली कशाने सुरू होते?" विचारलं की मूल म्हणतं "कि", आणि आईला वाटतं चुकलं, "क" म्हणायला हवं होतं. चुकलेलं नाही! उलट खूप छान ऐकलंय त्याने. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांचा २००७ साली आलेला अभ्यास आहे, त्यातही हेच दिसतं की अशा लिप्यांमध्ये मुलांना अख्ख्या अक्षराची जाण लवकर येते आणि त्यातला एकटा व्यंजनाचा आवाज वेगळा काढणं हळूहळू येतं. म्हणून आपल्याला दोन पायऱ्या करायच्या. आधी एकाच अक्षराचे शब्द, काका, कागद, कात्री, काकडी, सगळे "का". हे झपाट्याने जमायला लागलं की मग काका, किल्ली, कुत्रा, केळं, कोबी, आणि विचारायचं की बघ बरं, तोंडाने सुरुवातीला काय केलं? इथे आपली जुनी बाराखडी फार कामाची. क का कि की कु कू, प्रत्येक वेळी जिभेची मागची बाजू एकाच जागी टेकते आणि मग तोंडाचा आकार बदलतो. बाराखडी पाठ करून घेऊ नका, आरशासमोर उभं राहून म्हणा, मुलं स्वतःच्या तोंडाकडे बघून खदाखदा हसतात आणि नेमकं तेच हवंय.

वयाचं म्हणाल तर साधारण तीन-साडेतीनला मुलांना "मांजरीने मलई मटकावली" अशा वाक्यांची गंमत वाटायला लागते, चारच्या पुढे वेगळा आवाज पकडता येतो, आणि स्वतःच्या डोक्याने शब्द शोधून काढणं पाचच्या आसपास. मूल मागे-पुढे असलं तरी घाबरू नका, त्याला जिथे मजा येतेय तिथून सुरू करा.

सुरुवात मात्र नात्यांपासून करा, कारण आपल्या मराठी नात्यांमध्ये हा खेळ आयताच आहे. आई, आजी, आजोबा, आत्या, सगळे आ. मामा, मामी, मावशी, सगळे म. काका आणि काकू क. आमच्याकडे याचा "मामाची पिशवी" असा खेळ चालतो. मामा येणार आहे, पिशवी भरून आणणार आहे, पण मामा फक्त म-ची वस्तू आणतो. मग मका, मोजे, मोगरा, मोसंबी, मिक्सर (हो, मिक्सर पण चालतो, मुलांच्या जगात मोबाईल आणि मिक्सर हे मराठीच शब्द आहेत). मध्येच मूल म्हणतं केक! तेव्हा "चूक" म्हणायचं नाही. म्हणायचं, "केक? क-क-केक... मामाच्या पिशवीत तर नाही मावायचा, मग कोण आणेल बरं?" आणि ते ओरडतं "काका!" आईस्क्रीम कोण आणेल, आत्या. बिस्किट, बाबा. दही, दादा. ताक, ताई. माझी भाची एकदा पेढ्यावर अडली, घरात प-चं कोणीच नाही, सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, ओठ मिटून प-प-प करत राहिली आणि मग एकदम भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणाली "पणजी!" त्या मुलीने कधीही न पाहिलेली पणजी, पण आवाज बरोबर शोधला. असा क्षण आला की समजायचं कान उघडलाय.

कुठले आवाज आधी घ्यायचे हे थोडं बघून ठरवा. जे आवाज ताणता येतात ते मुलांना सोपे जातात, म्म्म्मासा, स्स्स्साबण, न्न्न्नळ, ल्ल्ल्लाडू, श्श्श्शेव. ताणून म्हणा, डोळे मोठे करून म्हणा, मग मुलाला म्हणायला सांगा. क, प, ट, ब, द हे ताणता येत नाहीत, ते ठोकल्यासारखे येतात आणि संपतात, त्यांना परत परत म्हणायचं, प-प-पोहे, ट-ट-टोपी. आणि दोन आवाज वेगळे करायला देताना आधी लांबलांबचे द्या, म आणि स, क आणि ल. प आणि ब, किंवा क आणि ख असे जवळचे आवाज पहिल्याच आठवड्यात समोर ठेवले तर मूल कंटाळतं आणि आपल्यालाच वाटायला लागतं की याला काही येत नाही.

वेगळं करण्यावरून आठवलं, इंदूरच्या मुलांना हा खेळ समजावून सांगायची गरजच पडत नाही. २०१७ ते २०२३ दर वर्षी देशात स्वच्छतेत पहिला नंबर घेतलेलं शहर आपलं, कचरा गाडीची धून ऐकत वाढलेली मुलं ही, गीला कुठे आणि सूखा कुठे हे तीन वर्षांचं पोर आपल्याला सांगतं. तसंच करायचं, फक्त आवाजांचं. दोन टोपल्या घ्या, एक म-ची एक ल-ची, आणि स्वयंपाकघरातून वस्तू आणून द्या, मुळा, मका, मेथीची जुडी, मोसंबी इकडे आणि लिंबू, लसूण, लाटणं, लाडू तिकडे. प्रत्येक वस्तू टाकताना तिचं नाव मोठ्याने म्हणायचं, हे महत्त्वाचं आहे, न बोलता टाकली तर मूल रंगावरून किंवा आकारावरून टाकतं आणि कानाला काहीच काम होत नाही. मध्येच एखादी भलती वस्तू द्या, चमचा किंवा बटाटा, आणि बघा काय करतंय. बरीच मुलं हातात धरून उभी राहतात, दोन्ही टोपल्यांकडे बघतात आणि तिसरी टोपली मागतात, ते उत्तर शंभर टक्के बरोबर. (मोहरी, मनुके, वाटाणे असलं बारीक काही या खेळात घेऊ नका, तीनच्या आतल्या पोरांच्या नाकात जातं.)

टोपल्या जमल्या की मग वस्तूंशिवाय, नुसत्या शब्दांचा खेळ, "वेगळा कोण". मासा, मोर, दार. तीनच शब्द सांगा, चार सांगितले तर लहान मुलाला पहिला आठवतच नाही. आणि गंमत म्हणून कधीतरी मुद्दाम असं करा की अर्थाने एक वेगळा आणि आवाजाने दुसरा. म्हणजे मांजर, बदक आणि मुळा. अर्थाने मुळा वेगळा कारण तो प्राणी नाही, आवाजाने बदक वेगळं. मूल मुळा म्हणालं तर म्हणा, "हो, तो प्राणी नाही, बरोबर. आता डोळे मिटून नुसतं ऐक." डोळे मिटायला लावणं ही छोटीशी युक्ती आहे पण फार चालते.

ज्या मुलांना नुसतं ऐकून कळत नाही त्यांना अंगाने कळतं. प, ब, म म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, आरशात दाखवा. म आणि न म्हणताना नाक दाबून बघा, आवाज अडकतो, मुलांना हे इतकं आवडतं की दिवसभर नाक दाबून फिरतात. गळ्यावर हात ठेवून आधी स्स्स म्हणा आणि मग म्म्म, स-ला गळा गप्प आणि म-ला गुणगुणतो. आणि क-ख, प-फ, त-थ यांच्यासाठी तळहात तोंडासमोर धरा, कार म्हटलं की हातावर जवळजवळ काहीच लागत नाही, खार म्हटलं की हवेचा झोत येतो. पळ आणि फळ, गार आणि घार, दार आणि धार, बात आणि भात, अशा जोड्या घेऊन "मी काय म्हटलं?" विचारा. इथे तुम्ही बोलायचं आणि मुलाने ओळखायचं, उलट नाही. कारण काही मुलांना ख अजून नीट म्हणता येत नाही पण ऐकताना फरक पक्का कळतो, र-च्या जागी ल म्हणणारं मूल, "लाजा" म्हणणारं, त्याला तुम्ही "लाजा" म्हणालात तर चिडून सांगतं की "लाजा नाही, लाजा!" त्याचा कान तयार आहे, जीभ मागून येतेय. उच्चार सुधारायचा आणि आवाज ओळखायचा ही दोन वेगळी कामं आहेत, एकात दुसरं घुसवू नका.

आता स्कूटरवरचा खेळ, माझा सगळ्यात आवडता, कारण आपल्या शहराची नावं यासाठी मुद्दाम ठेवल्यासारखी आहेत. शाळेत सोडताना, सिग्नलला थांबलं की, "आज र-चं इंदूर." राजवाडा, रामबाग, रीगल, राणीपुरा, राजेंद्रनगर, आणि लांब जायचं असेल तर राऊ. दुसऱ्या दिवशी म-चं इंदूर, महू नाका, मल्हारगंज, मालवा मिल, मधुमिलन, मेघदूत. प-चं तर संपतच नाही, पलासिया, पाटनीपुरा, परदेशीपुरा, पंढरीनाथ, पिपल्याहाना. ग-चं गांधी हॉल, गीता भवन, गोराकुंड. ख-ला खजराना आणि खातीवाला टँक, भ-ला भंवरकुआं आणि भागीरथपुरा. छ हा आवाज किती कमी शब्दांत येतो, तक्त्यात एक छत्री सोडली तर काही सापडत नाही, पण इंदूरच्या मुलाला छप्पन दुकान, छावणी आणि छत्रीबाग आहे. छत्रीबागेत होळकरांच्या स्मारकांवरच्या छत्र्या प्रत्यक्ष दाखवून आणा, पावसातली छत्री आणि ही दगडी छत्री, दोन्ही छ-नेच सुरू, मूल हे विसरणार नाही. आणि मल्हारगंज म्हटलं की मल्हाररावांची गोष्टही सांगून होते. रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावू नका हं, नावं तुम्ही सांगा, मूल ऐकेल आणि हो-नाही म्हणेल, "विजयनगर र-चं आहे का?" असं मध्ये मध्ये चुकीचं पण विचारा.

यानंतर अनुप्रास. शाळेत मराठीच्या पेपराला अनुप्रास अलंकार ओळखा असायचं बघा, तोच. व्याकरणात एकच अक्षर ओळीत कुठेही परत परत आलं तरी अनुप्रास म्हणतात, पण छोट्यांसाठी आपण फक्त शब्दाच्या सुरुवातीचं धरू. वाक्य एकदम मोठं करू नका, वाढवत न्या. काकूने काकडी कापली. मग, काकूने कोवळी काकडी कापली. मग, काकूने कोवळी काकडी कचाकचा कापली. इथे मराठीत एक खजिना आहे जो हाताशी असून आपण वापरत नाही, ते कचाकचा, पटापट, भराभर, गटागटा, सपासप, मटामटा असले शब्द. मुलांना ते तोंडात घोळवायला जाम आवडतात, आणि एक असा शब्द सापडला की त्याच्याभोवती वाक्य आपोआप जमतं. मांजरीने मलई मटामटा मटकावली. भावाने भात भराभर भरवला. पपांनी पहाटे पोहे पटापट परतले. हिवाळ्यात सराफ्याला, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन गराडू (तळलेला कंद) खाऊन आलात की, गल्लीतल्या गाईने गरम गराडू गटागटा गिळले. खरं-खोटं बघायचं नाही, वाक्य जितकं वेडं तितकं लक्षात राहतं. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) आमच्याकडे "राजवाड्यावर रंगीत राजूने रंगीत रिक्षा रंगवली" असं वाक्य तयार झालं होतं, त्यात रंगीत दोनदा आहे, आम्ही काही म्हटलं नाही, मुलांनी केलेलं वाक्य दुरुस्त करायचं नाही हा नियमच ठेवा.

"कच्चा पापड पक्का पापड" आणि "चटईला टाचणी टोचली" हे बरेच जण पहिल्या दिवशी सुरू करतात. ते थोडं थांबून करा, सहा-सातच्या पुढे. त्यात दोन आवाज मुद्दाम आलटून पालटून ठेवलेत, जीभ अडखळावी म्हणूनच ते केलेत. ज्या मुलाला अजून एक आवाज पकडायचाय त्याला अडखळवून काय मिळणार.

च, ज आणि झ बद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आपल्या मराठी घरातली मुलं नेमकी इथे गोंधळतात आणि आपल्याला कारण कळत नाही. मराठीत च दोन आहेत. चमचा, चाक, चूल, चाळणी यातला एक, त्यात जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं. आणि चिमणी, चिंच, चेंडू, चहा यातला दुसरा, त्यात जीभ पसरून टाळूला लागते. ज-चंही तसंच, जांभूळ, जाळं, जोडा एकीकडे आणि जिलेबी, जीभ, जेवण दुसरीकडे. झाड आणि झोका वेगळा, झेंडा वेगळा. लिहिताना अक्षर एकच, आवाज दोन. हिंदीत फक्त दुसराच आहे. त्यामुळे दिवसभर चम्मच ऐकणारं मूल घरी चमचा पण हिंदीच्या च-ने म्हणतं, आणि ज्या मुलाचा कान तीक्ष्ण आहे ते उलट म्हणतं की चमचा आणि चिमणी एका टोपलीत नाही जाणार. ते बरोबर बोलतंय! त्याला "दोन्ही च-चेच आहेत" म्हणून गप्प करू नका. मी च-साठी सरळ दोन वाट्या ठेवते, एक चमच्याची वाटी आणि एक चिमणीची वाटी. ओळखायला सोपं म्हणजे इ, ई आणि ए आले की आपल्या मराठी शब्दांत चिमणीवालाच च येतो, चिखल, चीक, चेहरा. बाकी स्वरांपुढे दोन्हींपैकी कुठलाही येऊ शकतो, तिथे मोठ्याने म्हणून बघायचं. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांना द्या, इंदूरमध्ये पिढ्यान्पिढ्या राहून ज्यांच्या बोलण्यात तो चमच्याचा च अजून शाबूत आहे ते तेच, आणि पोरांच्या कानावर तो त्यांच्याकडूनच पडेल.

असंच शेव आणि सेव. आपण घरी पोह्यांवर शेव घालतो, गाडीवरचे भैया सेव घालतात. मूल श म्हणेल किंवा स म्हणेल, दोन्ही ऐकलेलंच म्हणतंय. विचारा, "आजी कशी म्हणते? भैया कसे म्हणतात?" आणि दोन्हीचा पहिला आवाज काढायला लावा, एका वस्तूवर दोन डाव होतात. तसंच शेजारचे इस्कूल, इस्टेशन म्हणत असतील तर मुलाला तिथे इ ऐकू येणारच, त्याला टोकू नका.

इंग्लिश मीडियमचं काय, हा प्रश्न येतोच. बघा, पहिला आवाज पकडायची जी सवय आहे ती भाषेला बांधलेली नसते, मराठीत लागली की इंग्लिशला चालते, आणि घरातल्या भाषेत ती सोपी लागते कारण शब्द आधीच ओळखीचे असतात. फक्त एक काळजी घ्या, अक्षराचं नाव आणि आवाज वेगळे ठेवा. सी फॉर कॅट पाठ केलेल्या मुलाला कॅटचा पहिला आवाज विचारला की ते "स" म्हणतं, कारण सी. म्हणून स्पेलिंग बाजूला ठेवून कानाने टोपल्या लावा, कॅट, किंग, काइट, कप, की, सगळे एका टोपलीत, भले स्पेलिंगमध्ये कुठे सी आहे कुठे के. शू आणि शुगर एकत्र. फोन आणि फॅन एकत्र. नाइफ तर नोजबरोबर जाईल. स्पेलिंग कसं का असेना, ते शाळेत येईल तेव्हा येईल, आणि तेव्हा या मुलाला निदान हे माहीत असेल की कानाला काय ऐकू येतंय.

काही गोष्टी मात्र करू नका. परीक्षा घेऊ नका, "सांग सांग, काकूला सांग" हे तर अजिबात नको. एका दिवसात पाच आवाज घेऊ नका, एक आवाज आठवडाभर चालू दे, कंटाळा आला तरच बदला. मूल रंगात असताना थांबा, म्हणजे उद्या तेच मागे लागतं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये आवाज नीट येत नाही, ख आणि क मधला हवेचा झोत स्पीकरमधून हातावर लागत नाही, आणि तोंड दिसत नाही. तुमचं तोंड दिसलं पाहिजे. टीव्ही चालू असताना हे खेळ खेळू नका, कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तरी थोडं थांबा, लहान मुलाला गोंगाटातून आवाज वेगळा काढणं आपल्यापेक्षा खूप जड जातं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. ज्या मुलाला सारखी सर्दी असते, कान वारंवार दुखतो किंवा वाहतो, टीव्हीचा आवाज मोठा लागतो, मागून हाक मारली तर वळत नाही, त्याला "लक्ष देत नाही" म्हणून ओरडायच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या आणि ऐकण्याची तपासणी करा. कानात पाणी साचलेलं असलं की मुलाला सगळं ऐकू येतं पण पुसट येतं, आणि पहिला हलका आवाज पहिल्यांदा हरवतो. तसंच चार वर्षं पूर्ण होऊनही बाहेरच्या माणसांना मुलाचं बोलणं बहुतेक कळतच नसेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, वाट बघत बसू नका. हे खेळ त्या उपचाराच्या जोडीला चालतील, पण त्याच्या ऐवजी नाही.

पहिला आवाज रुळला, म्हणजे मूल न विचारता स्वतःच "आई, डबा आणि डोसा!" असं म्हणायला लागलं, की मग शब्दाच्या शेवटाकडे वळा, आणि त्यासाठी अंताक्षरी आहेच, गाण्यांची नको, शब्दांची. कमळ, लसूण, नळ, लाडू, डबा, बाग, गाजर. ळ आणि ण वर शब्द संपला की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण मराठीत या दोन्हींनी शब्द सुरू होत नाही. आमच्याकडे ळ आला की ल घेतो आणि ण आला की न. आपल्याकडे जैन शेजारी भरपूर, त्यांच्या घरात खेळायला जाणारं एखादं पोर ण-ला "णमोकार" (जैनांचा मंत्र) म्हणेल, तो शब्द प्राकृतातला आहे, पण त्याला पूर्ण मार्क द्या आणि पुढचा शब्द र-वरून तुम्ही सांगा.